संप्रेरकवाहक प्रथिने आणि जुनाट यकृतविकार

रक्तातील संप्रेरकांना धरून ठेवणारी मुख्य प्रथिने यकृतात तयार होतात: थायरॉइडच्या थायरॉक्सिनसाठी (टी-4) टीबीजी, लैंगिक संप्रेरकांसाठी एसएचबीजी, कॉर्टिसोलसाठी सीबीजी आणि सगळ्यांनाच सैलसर धरणारे आल्ब्युमिन. काम करतो तो प्रथिनांना न चिकटलेला मोकळा भाग. थायरॉक्सिनचा तो जेमतेम 0.03 टक्के, टेस्टोस्टेरॉनचा 2 ते 3 टक्के असतो. यकृत बिघडले की म्हणूनच ‘टोटल’ (चिकटलेला आणि मोकळा मिळून) आकडा फसवतो.

बदलाची दिशा मात्र आजारानुसार वेगळी. हिपॅटायटीसमध्ये टीबीजी वाढते, टोटल टी-4 उगाच चढलेला दिसतो. सिरॉसिस (यकृत कडक, व्रणमय होणे) पुढे गेला की टीबीजी, सीबीजी आणि आल्ब्युमिन घसरतात. एसएचबीजी सिरॉसिसमध्ये, विशेषतः दारूमुळे झालेल्या, बहुधा वाढते. लठ्ठपणासोबतच्या फॅटी लिव्हरमध्ये मात्र कमी असते.

सर्वाधिक चूक टेस्टोस्टेरॉन वाचताना होते. समजा, टोटल 500 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. एसएचबीजी 40 नॅनोमोल प्रति लिटर आणि आल्ब्युमिन 4.3 ग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर हिशेबाने मोकळा भाग सुमारे 9 नॅनोग्रॅम येतो. एसएचबीजी 110 आणि आल्ब्युमिन 2.6 धरले, की तोच 4.6 वर येतो. टोटल तेच, रिपोर्टवर ‘नॉर्मल’. आणि पेशंटचे स्नायू झडलेले, छाती स्त्रीसारखी वाढलेली. सकाळच्या नमुन्यावर टोटल, एसएचबीजी व आल्ब्युमिन तिन्ही मागवून हिशेब करावा.

कॉर्टिसोलचे उलट. सीबीजी घटल्याने, मोकळा भाग पुरेसा असला तरी, टोटल कमी दिसते आणि कॉर्टिसोल बनवणारी अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी थकल्याचा संशय येतो. खरी कमतरताही या पेशंटमध्ये आढळते, म्हणून रक्तदाब, सोडियम आणि शक्य असल्यास लाळेतील कॉर्टिसोल पाहूनच ठरवावे. पोटात पाणी झालेल्याला विनाकारण स्टेरॉइड दिले तर जंतुसंसर्ग ओढवतो.

खानदेशात दोन गोष्टींची खास काळजी घ्यावी लागते. सातपुड्यातील आदिवासी भागात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे. तिथे यकृताच्या तपासणीतले एसजीओटी हे विकर वाढलेले दिसले तरी ते फुटलेल्या तांबड्या पेशींतूनही येते, तेवढ्यावर यकृतविकार ठरवू नये. दुसरी गोष्ट नमुन्याची. धडगाव, चोपडा, रावेरकडून बाहेरच्या लॅबला जाणारे रक्त मे महिन्यात 44-45 अंशांत प्रवास करते. गुठळी झाल्यावर ते लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळे करावे आणि बर्फाच्या डब्यातूनच पाठवावे. याशिवाय, पेशंटला हेपॅरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) चालू असेल तर फ्री टी-4 खोटाच वाढलेला येतो. चिठ्ठीवर तशी नोंद करावी आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) सोबत मागवावे.