साडेचोवीस तास आणि चार सेकंद

१८ ऑगस्ट २०२४ रोजी नेदरलँड्सची सायकलपटू डेमी व्होलरिंगने फ्रान्समधल्या आल्प द्यूएझच्या घाटमाथ्यावरचा टप्पा जिंकला, पण शर्यत कोणी जिंकली हे कळायला आणखी एक मिनिट थांबावं लागलं. त्या सकाळी पोलंडची काशा न्येव्यादोमा एकूण वेळेत तिच्या १ मिनिट १५ सेकंद पुढे होती. व्होलरिंग माथ्यावर पोचल्यानंतर ६१ सेकंदांनी न्येव्यादोमाने रेषा ओलांडली. टप्प्यात पहिली आल्याबद्दल व्होलरिंगच्या वेळेतून बोनसचे १० सेकंद वजा झाले. पंचाहत्तरातून एकसष्ट गेले, दहा गेले, उरले चार. तेवढ्या फरकाने न्येव्यादोमा टूर द फ्रान्स फाम, म्हणजे महिलांची टूर द फ्रान्स, जिंकली.

शर्यत सात दिवसांत आठ टप्प्यांची आणि सुमारे ९४६ किलोमीटरची होती. विजेतीचा एकूण वेळ साडेचोवीस तासांच्या थोडा वर. शर्यतीच्या सरासरी वेगाने चार सेकंदांत सायकल जेमतेम चाळीसेक मीटर जाते. पुरुषांच्या टूरमध्येही इतका कमी फरक कधी पडलेला नाही. तिथला विक्रम ८ सेकंदांचा आहे, १९८९ साली ग्रेग लेमाँड आणि लोराँ फिन्याँ यांच्यातला.

अनेक टप्प्यांच्या शर्यतीत सगळ्या दिवसांच्या वेळांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सर्वांत लहान, तो जिंकतो. न्येव्यादोमाने त्या आठवड्यात एकही टप्पा जिंकला नव्हता. म्हणूनच ‘कोण सर्वांत वेगवान’ या प्रश्नापेक्षा ‘कोणी कुठे किती कमी गमावलं’ हा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो. आणि त्याचं उत्तर शोधताना नजर डोंगराकडे जाण्याआधी सपाट रस्त्याकडे जायला हवी.

सपाटीवर सायकलस्वाराचा खरा शत्रू हवा. वेग दुप्पट केला की हवेचा रोध चौपट होतो आणि तो रोध कापायला लागणारी शक्ती आठपट होते. ५६ किलो वजनाची खेळाडू आणि तिची सायकल, कपडे, बूट धरून आणखी ८ किलो असा ढोबळ हिशोब मी मांडून पाहिला. ताशी ४० किलोमीटर वेगाने एकटीने जायचं तर तिला अडीचशे वॉटच्या आसपास शक्ती सतत लावावी लागते. त्यातले जवळपास नव्वद टक्के वॉट फक्त हवा बाजूला सारण्यात जातात. उरलेले टायर रस्त्यावर घासण्यात.

आता तिला दुसऱ्या सायकलच्या मागच्या चाकाला चिकटून चालवू द्या. पुढचीने हवा आधीच फाडलेली असते, त्यामुळे मागचीला रोध तीस-चाळीस टक्क्यांनी कमी लागतो. म्हणजे त्याच वेगासाठी तिला सत्तर-ऐंशी वॉट कमी पुरतात. गंमत म्हणजे मागे कोणी असेल तर पुढचीलाही अगदी थोडा फायदा होतो, कारण तिच्या पाठीमागे तयार होणारी कमी दाबाची पोकळी काही अंशी भरून निघते. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर हवा जवळपास पडलेलीच असते. बेल्जियन शास्त्रज्ञ बर्ट ब्लोकेन यांच्या गटाने २०१८ साली १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास संगणकावर आणि पवनबोगद्यात केला. घोळक्याच्या मध्यावर, मागच्या भागात असलेल्याला एकट्या स्वाराच्या फक्त ५ ते १० टक्के रोध सोसावा लागतो, असं त्यांना आढळलं. त्याआधी बहुतेकांची कल्पना होती की ही बचत फार तर निम्मी असेल.

या एका आकड्यातून शर्यतीचं सगळं राजकारण निघतं. संघ कशासाठी असतो? नायिकेला हवेपासून आडोसा देण्यासाठी. सहकारी खेळाडू तासन्‌तास वारा अंगावर घेतात, बाटल्या पुरवतात आणि शेवटच्या चढाआधी थकून मागे पडतात. त्यांची नावं निकालात खूप खाली दिसतात.

आणि हा आडोसा सुटला की काय होतं, ते पाचव्या टप्प्यात दिसलं. बेल्जियममधल्या बास्तोन्यपासून फ्रान्समधल्या आमनेव्हिलपर्यंतच्या या टप्प्यात शेवट सुमारे ६ किलोमीटरवर असताना घोळक्यात पडझड झाली. त्यावेळी एकूण वेळेत आघाडीवर असलेलीची पिवळी जर्सी व्होलरिंगच्या अंगावर होती, आणि पडलेल्यांत तीही होती. अनेक टप्प्यांमध्ये शेवटच्या ३ किलोमीटरच्या आत अपघात झाला तर खेळाडूला तिच्या गटाचाच वेळ दिला जातो. सहा किलोमीटरवर ते संरक्षण नव्हतं. उठून, सायकल सावरून ती रेषेपर्यंत पोचली तोवर १ मिनिट ४७ सेकंद गेले होते. टप्पा तिच्याच संघातल्या हंगेरीच्या ब्लांका वशने जिंकला आणि पिवळी जर्सी न्येव्यादोमाकडे गेली. संघाने व्होलरिंगसाठी थांबायला हवं होतं का, यावर पुढे बराच वाद झाला. वादात भावना खूप होत्या, पण हवेचं गणित साधं आहे. घोळका पूर्ण वेगात असताना एकटीने मागून पाठलाग करणं जवळपास अशक्य. आडोसा द्यायला दोघी-तिघी असत्या तर मात्र काही सेकंद नक्की वाचले असते. आणि शेवटी हवे होते फक्त चार.

शेवटच्या दिवशी दोन मोठे घाट होते. आधी कोल दु ग्लांदों, जवळपास २० किलोमीटर लांब, सरासरी चढ सात टक्क्यांच्या वर, माथा १९२४ मीटरवर. मग आल्प द्यूएझ, १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के चढ आणि क्रमांक दिलेली २१ वळणं. (मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. इथे घाटांच्या राणीला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. त्या वर्षी ती बेल्जियमच्या जस्टिन गेकिएरने नेली.)

व्होलरिंगने ग्लांदोंवरच हल्ला चढवला. तिच्याबरोबर टिकली ती एकटी नेदरलँड्सचीच पॉलीना रोयाकर्स. न्येव्यादोमाने मागे पडणं स्वीकारलं आणि आपल्या गतीने चढत राहिली. टीव्हीवर पाहताना हे हार मानल्यासारखं दिसतं. शरीरशास्त्राच्या नजरेने ते शहाणपण आहे. प्रत्येक खेळाडूची एक सीमारेषा असते. त्याखालच्या शक्तीने ती बराच वेळ चालवू शकते. त्यावर गेली की एक छोटा राखीव साठा झिजायला लागतो. समजा हा साठा १२ किलोज्यूलचा आहे आणि ती सीमेच्या ६० वॉट वर चालवते आहे. साठा २०० सेकंदांत, म्हणजे साडेतीन मिनिटांच्याही आत, संपतो. भरून निघायला मात्र त्याहून खूप वेळ लागतो, आणि तोही सीमेच्या खाली चालवलं तरच. पुढे तासाभराहून जास्त चढ बाकी असताना पाठलागात तो साठा उडवला असता, तर आल्प द्यूएझवर एका मिनिटाऐवजी तीन-चार मिनिटं गेली असती. शिवाय ग्लांदोंच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक पंचमांश कमी असतो. श्वास तेवढाच, ऑक्सिजन कमी. त्यामुळे ही सीमारेषाच थोडी खाली सरकते.

आणि दोन घाटांच्या मध्ये दरी होती. माझ्या मते शर्यत तिथे फिरली. पुढे दोघीच होत्या आणि रोयाकर्सही एकूण विजेतेपदाच्या शर्यतीत होती, शेवटी ती फक्त १० सेकंदांनी तिसरी आली. प्रतिस्पर्ध्याला आडोसा देण्यात तिचा फायदा काय? बहुतांश वारा व्होलरिंगनेच अंगावर घेतला. मागे न्येव्यादोमा एका गटात होती आणि त्या गटातल्या इतरांनाही स्वतःच्या किंवा आपल्या सहकारीच्या क्रमांकाची काळजी होतीच. कोणी तिच्यावर उपकार करत नव्हतं, तरी हवा सगळ्यांसाठी एकदमच कापली जात होती. पर्वतातल्या टप्प्याचा निकाल सपाट रस्त्यावर ठरू शकतो, तो असा.

मग आला खरा चढ. आठ टक्के चढावर हिशोब उलटतो. आपल्या त्याच ५६ किलोच्या खेळाडूला ताशी १७ किलोमीटर वेगाने वर जायला २६५-२७० वॉट लागतात. यात हवेचा वाटा पाच-सहा टक्केच. बाकी जवळपास सगळं गुरुत्वाकर्षणाशी भांडण. म्हणून इथे वॉटपेक्षा ‘किलोमागे किती वॉट’ हा आकडा मोलाचा.

या वेगाने १३.८ किलोमीटरला ४८-४९ मिनिटं लागतात. आता एकूण वजनात एक किलो वाढवलं आणि शक्ती तीच ठेवली, तर वेळ सुमारे ४० सेकंदांनी वाढतो. म्हणजे या एका चढावर ४ सेकंदांचं वजन साधारण १०० ग्रॅम. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली पायथ्यापासून माथ्यापर्यंत न पिता नेली तर २० सेकंद गेले. संघ यासाठीच चढाआधी बाटल्या फेकायला सांगतात आणि सायकली नियमाने ठरलेल्या किमान ६.८ किलोच्या अगदी जवळ आणतात.

पण पाणी टाकून भागत नाही. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असते. पेडलवर २६५ वॉट पोचवायला शरीर आत हजार वॉटहून जास्त ऊर्जा जाळतं आणि बाकीची सगळी उष्णता बनते. सपाटीवर वेगाचा वारा ती काढून नेतो. चढावर वेग कमी, ऑगस्टचं ऊन, वारा नाही. घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही, आणि घामाला पाणी लागतं.

इंधनाचं गणितही तसंच अडचणीचं. स्नायू आणि यकृत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातली राखीव साखर, साठवतात, म्हणजे फार तर दोन हजार किलोकॅलरी. डोंगराळ टप्पा साडेचार तासांच्या आसपास चालला तर अडीच-तीन हजार लागू शकतात. चरबी मदत करते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते, हल्ल्याच्या क्षणी ती पुरत नाही. त्यामुळे सायकलवर बसल्या बसल्या खावं लागतं. इथे अडथळा पायांचा नसून आतड्याचा आहे. ग्लुकोज रक्तात नेणारी आतड्यातली प्रथिनं तासाला ६० ग्रॅमच्या आसपास भरून जातात. त्याहून जास्त ग्लुकोज खाल्लं तर ते पोटातच राहतं आणि ढवळतं. फ्रुक्टोज मात्र वेगळ्या प्रथिनामार्फत शोषलं जातं. दोन्ही शर्करा मिसळल्या की तासाला ९० ग्रॅमपर्यंत आणि सरावाने त्याहूनही वर जाता येतं. खेळाडू आता आतड्यालाही स्नायूसारखा सराव देतात. गेल्या काही वर्षांत शर्यती वेगवान होण्यामागे कार्बन फ्रेमइतकाच या शर्करांच्या चिकट जेलचा हात आहे, असं मला वाटतं. जाहिरात अर्थात फ्रेमची जास्त होते.

आता पुन्हा शंभर ग्रॅमकडे. हा आकडा समजला की मनात पहिला विचार येतो तो सायकलच्या नव्हे, शरीराच्या वजनाचा. आणि तिथेच हा हिशोब धोकादायक होतो. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम स्वतःबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भरलेल्या साठ्याचं वजन त्यामुळे दीड-दोन किलोच्या घरात जातं. वरच्या गणिताने ते ‘वाचवले’ तर आल्प द्यूएझवर मिनिटभर मिळायला हवं. प्रत्यक्षात ती खेळाडू ग्लांदोंच्या अर्ध्यावरच कोलमडेल. किलोमागे वॉट हा अपूर्णांक आहे आणि छेद कमी करताना अंशही घटतो, हे तराजू सांगत नाही.

दीर्घकाळ कमी खाल्लं की शरीर खर्चात कपात करतं. पाळी अनियमित होते किंवा थांबते, इस्ट्रोजेन घटतं, हाडं विरळ होतात, आजारपणं वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता’ असं नाव दिलं आणि २०२३ मध्ये तिच्याविषयीची मार्गदर्शक भूमिका अद्ययावत केली. सायकलपटूंना धोका थोडा जास्तच, कारण सायकलवर हाडांवर धक्के बसत नाहीत आणि धक्क्यांशिवाय हाड घट्ट होत नाही. पुरुषांनाही हे होतं, फक्त पाळीसारखी सहज दिसणारी धोक्याची खूण त्यांच्याकडे नसते.

२०२५ ची टूर द फ्रान्स फाम नऊ टप्प्यांची झाली. फ्रान्सच्या पोलिन फेराँ-प्रेव्होने शेवटचे दोन्ही डोंगराळ टप्पे जिंकून ती ३ मिनिटं ४२ सेकंदांनी खिशात घातली. दुसरी पुन्हा व्होलरिंग. या शर्यतीसाठी आपण वजन उतरवलं होतं, हे फेराँ-प्रेव्होने उघडपणे सांगितलं आणि खेळाडूंमध्येच जोरदार चर्चा सुरू झाली. एका जाणत्या खेळाडूने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांपुरतं वजन उतरवणं वेगळं, आणि ते पाहून सोळा वर्षांच्या मुलीने जेवण सोडणं वेगळं. पण दुसऱ्या प्रकाराबद्दल ठामपणे काही सांगायला लागणारी माहिती तोकडी आहे, कारण क्रीडाविज्ञानातले बहुतेक प्रयोग आजवर पुरुषांवरच झाले. मासिक चक्राच्या कोणत्या टप्प्यात कामगिरी किती बदलते यावरचे निष्कर्षसुद्धा अजून एकमेकांशी जुळत नाहीत. महिलांची टूर १९८४ ते १९८९ या काळात भरत होती, मग तिचं ते रूप संपलं आणि सध्याची शर्यत २०२२ मध्ये सुरू झाली. या शर्यतींत धावणाऱ्या बायकांच्या सायकलींवर आता शक्तिमापक आहेत, आणि प्रत्येक टप्प्यानंतर तासन्‌तासांची नोंद हाती येते.