टेक्सासच्या स्टेट पार्कात मुक्काम आणि मासेमारी: बुकिंग, पास, परवाना आणि हमखास अडणाऱ्या गोष्टी

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनकडच्या आपल्या मंडळींचा हा ठरलेला बेत असतो. उन्हाळा ओसरला की दोन-तीन कुटुंबांनी मिळून एखाद्या स्टेट पार्कात तंबू ठोकायचा, रात्री शेकोटी करायची आणि सकाळी तळ्याकाठी मुलांच्या हातात गळ द्यायचा. बेत झकास असतो, घोडं अडतं ते कागदपत्रांत. कोणी गेटवरून परत येतं, कोणाला रेंजर (पार्काचा रखवालदार अधिकारी) दंडाची पावती देतो, कोणी नको तो परवाना नको तितके पैसे मोजून घेतं.

यातल्या बहुतेक भानगडींचं मूळ एकच असतं. मुक्कामाचं बुकिंग, पार्काचा प्रवेश आणि मासे पकडण्याचा परवाना या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींच्या मुदती वेगळ्या, आणि एकीची पावती दुसरीच्या जागी चालत नाही. ह्यूस्टनहून तासाभराच्या अंतरावरचं ब्राझोस बेंड स्टेट पार्क डोळ्यांसमोर ठेवून सांगतो, कारण तिथे एल्म लेक, फॉर्टी एकर लेक अशी गळ टाकण्याजोगी तळी आहेत आणि आपली गर्दीही तिथेच जास्त असते. राज्यातल्या इतर पार्कांनाही हे नियम साधारण असेच लागू पडतात.

मुक्कामाचं बुकिंग

टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, पार्क आणि तारखा निवडायच्या, साइट म्हणजे तंबू ठोकायची आखून दिलेली जागा निवडायची, कार्डाने पैसे भरायचे. एवढंच काम आहे, त्यात कोणी अडत नाही.

अडतं ते तारखेपाशी. मुक्कामाचं बुकिंग पाच महिने आधी खुलं होतं. मार्चच्या मध्यावर शाळांना सुट्टी लागते आणि आपल्या लोकांना आठवण होते फेब्रुवारीत. तोपर्यंत शुक्रवार-शनिवारच्या साइट केव्हाच गेलेल्या असतात. १३ मार्चला जायचं असेल तर १३ ऑक्टोबरला संगणकापुढे बसा. दसरा-दिवाळीच्या गडबडीत हे कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून आत्ताच फोनमध्ये गजर लावून ठेवा. जागा नाहीच मिळाली तर रविवार ते गुरुवारचा विचार करा, किंवा सहलीच्या आधीच्या आठवड्यात रोज एकदा डोकावा. लोक रद्द करतात आणि साइट सुटतात.

दुसरा घोळ माणसांच्या संख्येचा. एका साइटवर जास्तीत जास्त आठ माणसं, आणि यात मुलंही मोजली जातात. कडेवरचं बाळसुद्धा. तीन कुटुंबं म्हणजे बारा डोकी, म्हणजे दोन साइट. ‘सांगू काहीतरी, मुलंच तर आहेत’ हे तिथे चालत नाही. शेजारशेजारच्या दोन साइट हव्या असतील तर नकाशावर क्रमांक बघून दोन्ही एकाच बैठकीत घ्या. एक आज आणि एक उद्या केली की मध्ये तिसराच कोणी येऊन बसतो.

आईबाबा भारतातून आलेले असतील तर तंबूऐवजी स्क्रीन्ड शेल्टर बघा. चारी बाजूंनी जाळी लावलेली पक्की खोली असते, डासांपासून सुटका होते. मात्र खाट-गादी मिळत नाही, अंथरूण-पांघरूण आपलंच न्यायचं.

आणि एक, इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. ‘मासेमारीसाठी उत्तम पार्क’ म्हणून अजून फेअरफील्ड लेकचं नाव फिरतं. ते पार्क २०२३ मध्ये बंद झालं. जमीन राज्याच्या मालकीची नव्हतीच, वीज कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती, आणि कंपनीने ती विकली. चालू असलेली पार्कंही पुरामुळे, आणि हिवाळ्यात काही ठिकाणी शिकारीसाठी राखलेल्या दिवसांमुळे बंद असतात. पैसे भरण्याआधी त्या पार्काच्या पानावरची सूचना वाचा.

प्रवेशशुल्क आणि पास

साइटचं भाडं भरलं म्हणजे सगळं भरलं असं नाही. तेरा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाचं रोजचं प्रवेशशुल्क वेगळं. ब्राझोस बेंडला ते माणशी ७ डॉलर आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ. सहा मोठी माणसं दोन दिवस म्हणजे ८४ डॉलर, साइटचं भाडं वेगळंच. वर्षभराचा स्टेट पार्क्स पास मिळतो आणि पासधारकाबरोबर त्याच गाडीत असलेल्या सगळ्यांचं प्रवेशशुल्क माफ होतं. हिशेब तुम्हीच करा. फक्त ‘त्याच गाडीत’ हे शब्द विसरू नका. मागून दुसऱ्या गाडीने येणाऱ्या काकांना तुमच्या पासचा उपयोग नाही.

पासबद्दलचा सर्वांत महाग गैरसमज असा, की पास खिशात आहे म्हणजे गेट कधीही उघडणार. नाही उघडत. पास शुल्क माफ करतो, जागा राखून ठेवत नाही. गर्दीच्या दिवशी पार्काची क्षमता भरली की पासवाल्यालाही परत पाठवतात, आणि गेटवर वाद घालून काही होत नाही. तुमची साइट असेल तर प्रश्न नाही. पण शनिवारी फक्त दिवसापुरते जेवायला येणारे मित्र असतील तर त्यांनी आपला डे-पास आधी काढायला हवा. तो ३० दिवस आधी खुला होतो. साइटचे पाच महिने आणि डे-पासचे तीस दिवस यांत लोक नेहमी गल्लत करतात. डे-पासवाल्यांना रात्री दहाला बाहेर पडावं लागतं. ‘उशीर झाला, इथेच झोपतो’ हा मार्ग नाही.

वयस्करांच्या सवलतीबद्दल नेहमी विचारलं जातं. पासष्टीपुढची सवलत टेक्सासच्या रहिवाशांना आहे. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आईबाबांना ती लागू नाही.

मासेमारीचा परवाना: कोणाला लागतो, कोणाला नाही

इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. स्टेट पार्काच्या हद्दीत काठावरून किंवा पार्काच्या धक्क्यावरून मासे धरायला परवाना लागत नाही. तळं पूर्णपणे पार्काच्या आत असेल तर मुळीच लागत नाही. ब्राझोस बेंडला जाण्यासाठी घरटी चार परवाने काढणारी मंडळी आहेत, त्यांनी ते पैसे आमिषावर आणि बर्फावर खर्च करावेत.

पण लेक लिव्हिंग्स्टनसारख्या ठिकाणी पार्क हे मोठ्या जलाशयाच्या फक्त एका काठावर असतं. तिथे काठावर उभे आहात तोवर ठीक. होडीत बसून पाण्यात गेलात की परवाना हवा. रेंजरने विचारल्यावर ‘आम्ही पार्कातच उतरलोय’ हे उत्तर पुरत नाही.

परवाना लागणारच असेल तर या गोष्टी नीट वाचा.

सतरा वर्षांखालच्यांना तो लागत नाही. जूनच्या पहिल्या शनिवारी, फ्री फिशिंग डेला, कोणालाच लागत नाही.

नेहमीचा वार्षिक परवाना ‘घेतल्यापासून एक वर्ष’ चालत नाही. कधीही घ्या, तो ३१ ऑगस्टला संपतो. जुलैत ३० डॉलर भरून गोड्या पाण्याचा परवाना घेतला तर हातात जेमतेम दीड महिना उरतो, आणि सप्टेंबरच्या लेबर डेच्या सुट्टीत तोच कागद दाखवणारे दंड भरून येतात. खरेदीच्या तारखेपासून वर्षभर चालणारा परवाना वेगळा मिळतो, तो थोडा महाग आहे. एखाद्याच सहलीसाठी एक दिवसाचा परवाना पुरतो: रहिवाशाला ११ डॉलर, बाहेरच्याला १६.

आता रहिवासी कोण? अर्जाच्या आधी सलग सहा महिन्यांहून जास्त काळ टेक्सासात राहिलेला. न्यू जर्सीहून बदली होऊन तीन महिने झाले, टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्सही हातात आलं, तरी मासेमारीच्या हिशेबात तुम्ही बाहेरचेच. वार्षिक परवान्यात हा फरक चांगलाच जाणवतो, गोड्या पाण्याचा ३० ऐवजी ५८ डॉलरला पडतो. सहा महिने पुरे झाल्याचं दाखवता यावं म्हणून वीज-पाण्याची बिलं आणि पगाराच्या स्लिपा टाकून देऊ नका.

यानंतर येतो तो कागद जो आपल्यातल्या अनेकांकडे नसतोच: सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकन सरकारने माणसाला दिलेला ओळख क्रमांक. मासे पकडायला हा कशाला, असा प्रश्न पडतो आणि तो रास्तच आहे. मुलांच्या पोटगीच्या वसुलीसाठी केंद्राचा एक कायदा आहे. त्यानुसार ड्रायव्हिंगपासून लग्नापर्यंत आणि मासेमारीपर्यंत सगळ्या परवान्यांच्या अर्जांत हा क्रमांक नोंदवावा लागतो. मासा, लग्न आणि पोटगी एका कलमात बसवणारा माणूस कोण होता कोण जाणे. एच-फोरवर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या वहिनींकडे आणि फिरायला आलेल्या आईबाबांकडे हा क्रमांक नसतो. तो रकाना भरण्यासाठी नवऱ्याचा किंवा मुलाचा क्रमांक टाकू नका. सरकारी अर्जात दुसऱ्याचा क्रमांक देणं ही व्हिसावर असलेल्या माणसाने हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. पासपोर्ट घेऊन वॉलमार्ट किंवा ॲकॅडमीसारख्या परवाने विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर जा आणि क्रमांक नाही असं स्पष्ट सांगा. एवढं करण्यापेक्षा आईबाबांना पार्काच्या आतल्या तळ्याकाठीच बसवा, परवान्याचा विषयच नको.

गळ-रॉड नसेल तर लगेच विकत घेऊ नका. बऱ्याच पार्कांत तो फुकट उसना मिळतो, सात दिवसांपर्यंत. फॉर्म भरायचा आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं.

परवाना नाही, नियम मात्र आहेत

पार्काच्या आतल्या तळ्यात फक्त गळाने मासे धरता येतात, माणशी दोन रॉड. कोकणातले काही हौशी पाग (फेकायचं जाळं) घेऊन येतात. तो गाडीतच राहू द्या. कॅटफिश दिवसाला माणशी पाचच. इतर माशांची संख्या आणि लांबीची अट पार्कातल्या फलकावर असते, आणि रेंजर पट्टी लावून मोजतो.

ब्राझोस बेंडला मगरींचे भाऊबंद, ॲलिगेटर, तळ्यात राजरोस असतात. त्यांच्यापासून किमान तीस फूट लांब राहायचं. त्यांना खायला टाकणं गुन्हा आहे, म्हणून माशांचं कापलेलं मुंडकं-आतडं पाण्यात भिरकावू नका आणि धरलेले मासे दोरीला ओवून पाण्यात लोंबकळत ठेवू नका, सरळ बर्फाच्या डब्यात टाका. गळाला लागलेल्या माशामागे ॲलिगेटर आला तर खात्याचीच सूचना अशी आहे की दोर कापायचा आणि मासा त्याला द्यायचा. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी रॉड सोडायला ती तयार होत नाहीत.

शेकोटीचं म्हणाल तर निघण्याच्या दिवशी सकाळी पार्कात फोन करून त्या काउंटीत (जिल्ह्यात) उघड्यावर विस्तव पेटवायला बंदी आहे का ते विचारा. कोरड्या हवेत ती एका दिवसात लागू होते आणि बुकिंगच्या ईमेलमध्ये तिचा पत्ता नसतो. चहा-पोह्यांसाठी गॅसची छोटी शेगडी बरोबर ठेवलेली बरी, बंदीतही ती बहुधा चालते. पार्कातली वाळकी लाकडं गोळा करायला मनाई आहे, सरपण विकत घ्यावं लागतं. स्टेट पार्कात उघड्यावर दारू पिणं किंवा बाटली दिसेल अशी ठेवणंही मना आहे. स्टीलच्या पेल्यातून घेतली तर कळत नाही, असं सांगणारे तुम्हाला भेटतील. दंड भरताना ते बरोबर नसतात.