सुरक्षा गेटवेसाठी वेगवान इथरनेट मॉड्यूलची निवड

नेटवर्कच्या वेशीवर बसून येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट तपासणारे उपकरण म्हणजे सुरक्षा गेटवे, रोजच्या बोलीत फायरवॉल. त्याच्या स्लॉटमध्ये बसणारे पोर्टांचे कार्ड आणि त्या पोर्टात खोचायचा ट्रान्सीव्हर (उपकरणातले संकेत केबलवर पाठवणारा आणि घेणारा छोटा भाग), या दोघांनाही व्यवहारात ‘मॉड्यूल’च म्हणतात. खरेदीतला पहिला घोळ इथेच होतो: कार्ड येऊन पडते आणि ट्रान्सीव्हर मागवायचे राहून जातात. खर्चाचा हिशेब दोन्ही धरूनच करावा.

पोर्टाचा वेग ठरवण्याआधी गेटवे प्रत्यक्षात किती तपासू शकतो ते पाहावे. माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा बहुधा मोठ्या आकाराच्या पॅकेटांवर, फक्त साधे नियम लावून मोजलेला असतो. घुसखोरी-प्रतिबंध आणि टीएलएस (कूटबद्ध वाहतूक) उलगडून तपासणे सुरू केले की तो बराच खाली येतो. कारण काम बिटांइतकेच पॅकेटांच्या संख्येवरही अवलंबून असते. १० गिगाबिटची (म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट वाहणारी) तार ६४ बाइटच्या फ्रेमनी, म्हणजे तारेवरून पॅकेट वाहून नेणाऱ्या चौकटींनी, भरली, तर सेकंदाला सुमारे १.४९ कोटी फ्रेम येतात. १५१८ बाइटच्या असतील तर जेमतेम ८.१३ लाख. म्हणून विक्रेत्याकडे सर्व तपासण्या चालू असतानाचा आकडा मागावा. अशा मोजणीची पद्धत इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी आरएफसी ९४११ मध्ये (२०२३) दिलेली आहे. तो आकडा ८ गिगाबिट निघाला, तर आतल्या आणि बाहेरच्या बाजूला १० गिगाबिटचा एकेक पोर्ट पुरतो. तिथे १०० गिगाबिटचे कार्ड घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

त्यानंतर स्लॉट. कार्डाला प्रोसेसरशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची एक लेन (समांतर वाटांपैकी एक) एका दिशेने साधारण ७.९ गिगाबिट वाहून नेते, दुसऱ्या पिढीची ४. दोन पोर्टांचे १० गिगाबिट कार्ड दुसऱ्या पिढीच्या चार लेनच्या स्लॉटमध्ये बसते, चालतेही. पण १६ गिगाबिटवर अडते आणि दोन्ही पोर्ट एकाच वेळी भरले की पॅकेट गळू लागतात. स्लॉट लांबीला मोठा दिसला तरी आत जोडलेल्या लेन कमी असू शकतात. कंपनीच्या स्वतःच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डांबाबत, पोर्टांच्या वेगाची बेरीज आणि स्लॉटपासून प्रोसेसरपर्यंतची वाट यांची तुलना करावी.

२५ की ४०? नव्या खरेदीत आमचा कौल २५ गिगाबिटला. ४० गिगाबिटचे प्रमाणक २०१० चे आणि त्याची रचना १० च्या चार लेनची. २५ गिगाबिट २०१६ मध्ये आले आणि ते एकाच लेनवर चालते. चार १० गिगाबिट पोर्ट एकत्र बांधले म्हणजे ४० मिळाले, असेही समजू नये. एक प्रवाह एकाच तारेवरून जातो, त्यामुळे एखादा मोठा आयपीसेक बोगदा (दोन ठिकाणांमधली कूटबद्ध जोडणी) १० च्या पुढे सरकत नाही. असा बोगदा असेल तर २५ चा पोर्ट खरोखर कामी येतो, अर्थात तेवढे कूटलेखन गेटवेला झेपत असेल तर.

खरी बचत अंतर पाहून ट्रान्सीव्हर निवडण्यात आहे. स्विच त्याच रॅकमध्ये असेल तर डॅक, म्हणजे टोकांसकट येणारी तांब्याची केबल घ्यावी: दोन्ही टोकांना जोडणी पक्की, वीज नगण्य, आणि ३ मीटरपर्यंत २५ गिगाबिटलाही चालते. त्यापुढे मल्टिमोड फायबरवर (कमी अंतराच्या काचतंतूवर) एसआर, म्हणजे कमी पल्ल्याचा ट्रान्सीव्हर. १० गिगाबिट एसआर ओएम३ प्रतीच्या मल्टिमोड फायबरवर ३०० मीटर आणि ओएम४ वर ४०० मीटर जातो. २५ गिगाबिटला हीच अंतरे ७० आणि १०० मीटर होतात. आज १५० मीटरच्या ओएम३ वर बिनघोर चालणारी जोडणी वेग वाढवताच बंद पडते ती यामुळेच. १०० गिगाबिट एसआर४ ला आठ तंतू आणि एमपीओ (अनेक तंतूंचा) जोड लागतो. जुन्या दुहेरी एलसी (दोन तंतूंच्या) पॅच कॉर्ड तिथे निरुपयोगी. इमारतीत सिंगलमोडची (लांब पल्ल्याच्या फायबरची) जोडी आधीच असेल, तर चार रंगांचा प्रकाश एकाच तंतूवरून पाठवणारा, २ किलोमीटर जाणारा सीडब्ल्यूडीएम४ मॉड्यूल महाग वाटूनही एकूण स्वस्त पडतो, कारण नवी केबल ओढावी लागत नाही.

सिंगलमोडवरचा १० किलोमीटर पल्ल्याचा एलआर ट्रान्सीव्हर छोट्या कॉर्डवरही निर्धास्त लावावा. ४० किलोमीटरच्या ईआरला मात्र जवळच्या जोडणीत अटेन्युएटर (प्रकाश मंद करणारा भाग) हवाच, नाहीतर पलीकडचा रिसीव्हर खराब होऊ शकतो. तांब्याच्या तारेचा १० गिगाबिट एसएफपी+ (एक प्रचलित आकार) ट्रान्सीव्हर दोन-अडीच वॅट खातो, एसआर एका वॅटच्या आत राहतो. त्यामुळे तांब्याचे ट्रान्सीव्हर शेजारी-शेजारी खोचू नयेत. त्यांची मजलही बहुधा ३० मीटरच असते.

इतर उत्पादकांचे ट्रान्सीव्हर बरेच स्वस्त मिळतात. अडचण त्यांच्या आतल्या छोट्या मेमरीत असते: गेटवे तिथले उत्पादकाचे नाव वाचतो आणि अनोळखी असेल तर पोर्ट बंद ठेवू शकतो. योग्य कोडिंग केलेली एक जोडी आधी मागवावी, आपल्याच फर्मवेअरवर चालवून पाहावी, मगच बाकीच्या घ्याव्यात. मूळ कंपनीची एक जोडी कपाटात असू द्यावी. तक्रार नोंदवताना ती लागते. फर्मवेअर बदलला की ही परीक्षा पुन्हा घ्यावी.

लिंक उठत नसेल तर आधी ट्रान्सीव्हरने मोजलेली येणाऱ्या प्रकाशाची पातळी वाचावी. प्रकाशच नसेल तर तंतूंची अदलाबदल करून पाहावी. १० गिगाबिट एसआरमध्ये ही पातळी उणे ९.९ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचे एकक) खाली असेल, तर नवा ट्रान्सीव्हर मागवण्याआधी जोडांची टोके साफ करावीत. पातळी ठीक असूनही २५ किंवा १०० गिगाबिटची लिंक मेलेलीच राहिली, तर दोन्ही टोकांची एफईसी (वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करण्याची पद्धत) सेटिंग जुळवावी: २५ गिगाबिट एसआरला आणि १०० गिगाबिट एसआर४ ला आरएस-एफईसी लागते, १०० गिगाबिट एलआर४ ला लागत नाही.