लिंबाच्या सालीत क्विनीन नसतं
लिंबू-ग्रेपफ्रूटच्या साली उकळल्या की घरच्या घरी क्विनीन हे मलेरियावरचं औषध तयार होतं, असा संदेश कित्येक वर्षं फिरतोय. हे साफ खोटं आहे, आणि मलेरियाच्या रुग्णानं या काढ्यावर विसंबणं जिवावर बेतू शकतं. सालीचा कडूपणा येतो नारिंजिन, लिमोनिन यांसारख्या द्रव्यांमुळे. दोन्हींच्या रेणूत नायट्रोजनचा एकही अणू नाही. क्विनीनमध्ये दोन आहेत, त्यातला एक क्विनोलिन नावाच्या, अणूंच्या जोडकड्यात घट्ट बसलेला. नुसत्या उकळण्यानं असं कडं जुळत नाही. १८५६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किननं प्रयोगशाळेत क्विनीन बनवायला घेतलं, तर हाती आला जांभळा रंग! क्विनीन मिळतं सिंकोना झाडाच्या सालीतून. क्लोरोक्विन या मलेरियावरच्या दुसऱ्या औषधातही क्विनोलिनचंच कडं आहे, पण ते कारखान्यात बनतं.