भट्टीवरून बिस्किटं करून आणायची पद्धत आणि डालड्याचं भांडण

दिवाळी महिन्यावर आली की सांगली, मिरज, कराड, सातारा, कुठंही बघा, घरच्या बिस्किटांचे मेसेज फिरायला लागतात आणि त्यात सगळ्यात वर एकच गोष्ट असते, साजूक तुपातली, डालडा नाही. किलोचा भावसुद्धा त्याच्यानंतर लिहिलेला. हे असं का झालं ते समजून घ्यायचं तर जरा मागं जायला लागतं.

फार मागं नको. नानकटाई सुरतेकडची हे सगळ्यांना माहितीय. आपल्या भागात भट्टी आली ती मुख्यतः गोऱ्यांच्या पावासाठी. महाबळेश्वर 1828-29 च्या सुमाराला वसवलं गेलं, नंतर पाचगणी, 1848 ला सातारा खालसा झालं, तिथं सदरबझारला लष्कराचा कॅम्प होताच. पण पाव म्हणजे बाटणं असं समजणारी घरं पुढं कितीतरी वर्षं होती आणि माझ्या मते बिस्किटं करून आणायची पद्धत रुजली ती यामुळंच, कारण मैदा आपला, साखर आपली, तूप आपलं, बेकरीवाल्यानं फक्त मळायचं आणि भाजायचं, त्यामुळं सोवळ्यातल्या आजीलाही फार बोलता यायचं नाही.

दहा-दहा किलो करायची सवय मात्र साखरेनं लावली. सहकारी साखर कारखाने आले, शेअर असलेल्या शेतकऱ्याला दिवाळीला सवलतीत सभासद साखर मिळायला लागली. रेशनवर साखर मोजून मिळायच्या काळात घरात एकदम पोतंभर साखर आली तर तिचं करायचं काय, लाडू-करंज्या करून करून किती करणार. बिस्किटं टिकतात, मोडली तरी खाता येतात, आणि डब्यातून कुठंही पाठवता येतात. मुंबईत गिरणीत असलेल्या दिराला, पुण्यात होस्टेलला असलेल्या पोराला, सातारा भागात तर सुट्टी संपवून पलटणीत परत निघालेल्या जवानाच्या ट्रंकेत हमखास एक डबा. शिवाय गल्लीतली ताटं वेगळीच.

त्या दुपारचं सगळं गणित भट्टीवर चालायचं. जुनी लाकडाची भट्टी म्हणजे विटांची घुमटी, आत जाळ करायचा, विटा तापल्या की निखारा बाजूला ओढायचा, पहाटे पहिल्या कडक आचेला पाव लावायचे. पाव निघाले की भट्टी हळूहळू उतरत जाते आणि दुपारपर्यंत जी मऊ आच राहते तीच बिस्किटाला लागते, नाहीतर कडा करपणार आणि पोटात कच्चं. म्हणून गिऱ्हाईकाचा नंबर दुपारचा. किलो मैद्याला अर्धा किलोच्या वर पिठीसाखर, तेवढाच डालडा, वेलची-जायफळ घरनं कुटून न्यायची, बेकरीवाला आपल्याकडचा अमोनिया, म्हणजे बिस्किट फुगवायची पावडर, चिमटीनं टाकायचा. अमोनिया भाजताना पूर्ण उडून जातो म्हणून बिस्किट हलकं, खुसखुशीत होतं, पण पत्रा बाहेर काढताना तोंड जवळ नेलं तर नाकात असा झणका बसायचा की डोळ्यांत पाणी. पोरांना पाळीनं बसवून ठेवलेलं असायचं, "मामा, आमचा पत्रा कुठला?" हे चालूच, कारण शेजारणीच्या पत्र्याशी अदलाबदल झाली की घरी आल्यावर महाभारत. मजुरी किलोवर. आणि गरम बिस्किटं डब्यात भरायची नाहीत, वाफ धरली की दुसऱ्या दिवशी मऊ.

आता डालडा, म्हणजे तेल घट्ट करून केलेलं वनस्पती तूप. हा 1937 ला बाजारात आला आणि तेव्हापासून त्याच्यावरचं भांडण काही थांबलेलं नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच वनस्पती तुपावर बंदी घाला अशी मोठी मागणी होती, पण तेव्हाचा मुख्य राग तब्येतीचा नव्हता, तुपात भेसळ होते हा होता. त्याला रंग घाला म्हणजे ओळखू येईल असाही विचार बरीच वर्षं घोळत राहिला, पण टिकणारा, निर्धोक रंग काही मिळाला नाही. मग वनस्पतीत 5 टक्के तिळाचं तेल सक्तीचं होतं त्यावरच काम भागवलं, कारण तिळाचं तेल प्रयोगशाळेत साध्या चाचणीत गुलाबी रंग दाखवतं आणि भेसळ पकडता येते.

घराघरात हे कुणाला माहिती होतं? डालडा स्वस्त आणि बिस्किटाला चांगला, एवढंच. आणि ते खोटं नव्हतं. डालडा फेसला की हवा धरून ठेवतो, बिस्किट पत्र्यावर पसरत नाही. साजूक तूप पातळ असलं तर बिस्किटाच्या चपात्या होतात, ते रवाळ थिजवून तळहातानं पांढरं होईपर्यंत फेसायला लागतं. लोण्यात पाणी असतं, त्यानं चिवटपणा येतो. म्हणजे तुपातलं बिस्किट चवीला वरचढ, पण दहा किलोचा हिशोब आला की बहुतेक घरं गुपचूप अर्धंअर्धं करायची आणि सांगताना तूप म्हणायची!

ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना त्यात तयार होणारी एक घातक चरबी, हा शब्द आपल्याकडं नंतर आला. नियम कडक होत गेले, तेल-तुपातली मर्यादा 10 टक्क्यांवरून 5, मग 2021 ला 3 आणि 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्के. हे बरोबरच झालं, हृदयाला ते वाईटच. पण यातली गंमत कुणी सांगत नाही, की मर्यादेत बसणारा आजचा वनस्पती हा आईच्या काळातला डालडा राहिलेलाच नाही, त्यात आता बहुतेक पामतेल असतं. उलट साजूक तुपात दुधातून आलेलं थोडं ट्रान्स फॅट असतंच, ते नैसर्गिक म्हणून या मर्यादेत धरत नाहीत, आणि संपृक्त चरबी तर दोन्हीकडं भरपूर. त्यामुळं "तुपातली म्हणजे पौष्टिक" हे मला पटत नाही, तुपातली म्हणजे तुपातली, बास. खरं सांगायचं तर तूप आलं ते तब्येतीपेक्षा ऐपतीमुळं, पैसा हातात आला, डालडा म्हणजे गरिबी असं डोक्यात बसलं.

तोपर्यंत इकडं अय्यंगार बेकऱ्या आल्या, बाराही महिने तयार बिस्किट मिळायला लागलं, घरोघरी ओटीजी, म्हणजे विजेचे छोटे ओव्हन, आले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरात बसून शिकलेल्या कितीतरी बायकांनी पुढं ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असेल तर 100 रुपयांत अन्न परवान्याची नोंदणी होत असे, तरी बऱ्याच जणी ती न करताच विकायच्या. ओटीजीत एका वेळी किलोभर जेमतेम, त्यामुळं दहा किलोची ऑर्डर म्हणजे रात्र जाते आणि पहिला घाणा नि शेवटचा घाणा यांचा रंग जुळत नाही.

मोठ्या बेकऱ्यांनी लाकूड सोडून डिझेलची, विजेची, आत पत्र्यांची ट्रॉली फिरणारी भट्टी घेतली. तिला पावानंतर उतरत जाणारी आच अशी नसतेच, बटन दाबलं की तापते आणि ट्रॉली पूर्ण भरल्याशिवाय लावायला परवडत नाही. चार किलो मैदा घेऊन गेलेल्याला तिथं आता सांगतात, अजून दोघंतिघं घेऊन या किंवा आमचंच तयार घ्या. जुन्या पेठांत आणि काही तालुक्याच्या गावांत अजून लाकडाच्या भट्ट्या आहेत, तिथं दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस वहीत नाव लावायला लागतं.