एटीव्हीचा ब्रेक : उतार आणि चिखलाने घडवलेली यंत्रणा

१९६९ साली होंडाने आपल्या सीबी ७५० मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवला : यात तेलाच्या दाबाने दोन पॅड चाकाबरोबर फिरणारी चकती चिमटीत धरतात. पुढच्याच वर्षी याच कंपनीने अमेरिकेत यूएस ९० ही फुगीर टायरची तीनचाकी विक्रीला आणली. तिच्या पुढच्या चाकाला ब्रेकच नव्हता. मागच्या एक्सलवर, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, एक ड्रम ब्रेक होता (बंद डब्याच्या आतल्या भिंतीवर घर्षणाचे लायनर दाबून थांबवणारा), आणि तेवढ्यावरच गाडी थांबायची. तंत्र हाताशी असूनही ते का वापरलं गेलं नाही, हे समजलं की एटीव्हीच्या, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणाऱ्या ‘ऑल-टेरेन व्हेइकल’च्या, ब्रेकचा पुढचा सगळा प्रवास उलगडतो.

हिवाळ्यात मोटारसायकलींचा खप मंदावतो, तेव्हा दुकानदारांना विकता येईल अशी गाडी होंडाच्या अमेरिकन शाखेला हवी होती. ओसामू ताकेउची या अभियंत्याने ती घडवली. ८९ सीसीचं इंजिन, सुमारे ७ अश्वशक्ती, सस्पेन्शन अजिबात नाही. धक्के सोसायचे ते टायरनेच, आणि त्यांत हवा इतकी कमी की बोटाने दाबलं तरी रबर आत जावं. बर्फ, वाळू किंवा दलदलीत पुढचं चाक ब्रेकने जागीच अडलं तर ते वळवूनही वळत नाही, नांगरासारखं माती ढकलत सरळ जात राहतं. त्यात वेग कमी आणि जमीन मऊ, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी बऱ्यापैकी मंदावायची. मागचे दोन्ही टायर एकाच सलग एक्सलवर असल्याने एक ब्रेक लावला की दोन्ही चाकं धरली जायची. सपाटीवर हे पुरेसं होतं.

त्याआधी ‘ऑल-टेरेन व्हेइकल’ म्हटलं की डोळ्यांपुढे वेगळीच गाडी यायची. १९६०च्या दशकात कॅनडात जायगर ही सहा चाकांची, पाण्यावरही चालणारी छोटी गाडी निघाली आणि १९६७ मध्ये आर्गो आली. यांची चाकं डावी-उजवीकडे वळतच नाहीत. डावीकडे जायचं तर डाव्या बाजूची चाकं मंदावायची किंवा रोखायची, उजवी फिरत राहतात आणि गाडी वळते. आर्गोमध्ये चालक वळतो तेव्हा प्रत्यक्षात तो ब्रेकच लावत असतो. रणगाडे आणि बुलडोझर याच तत्त्वावर वळतात. ही शाखा आजही जिवंत आहे, पण मुख्य धारा तीनचाकीकडून पुढे गेली.

तीनचाकी उतारावर आली की खरी अडचण दिसायची. उतारावर गाडीचं वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक नेमका त्या हलक्या चाकांनाच असतो. जोरात दाबला की ती जागीच अडकून घसरतात, मागचा भाग बाजूला फिरतो आणि गाडी उताराला आडवी होते. आखूड, उंच, अरुंद गाडी आडवी झाली की कलंडायला फार काही लागत नाही. मग पुढे ब्रेक द्यावा, तर दुसरा पेच. वळणावर ब्रेक लावला की वजन पुढे आणि बाहेरच्या अंगाला झेपावतं. चारचाकीत त्या कोपऱ्यात एक चाक भार घ्यायला उभं असतं. तीनचाकीत तिथे काहीच नसतं. म्हणजे पुढचा ब्रेक जितका चांगला, तितका वळणावर कलंडण्याचा धोका मोठा. १९८०च्या दशकात वेगवान तीनचाकींना पुढे-मागे डिस्क ब्रेक मिळाले, पण आकारातला हा दोष कोणत्याही कॅलिपरने (पॅड दाबणाऱ्या चिमट्याने) दुरुस्त होण्यासारखा नव्हता. माझ्या मते तीनचाकीच्या अपघातांची चर्चा इंजिनाच्या ताकदीवर आणि मुलांच्या वयावर जितकी झाली, तितकी या एका भौमितिक गोष्टीवर झाली नाही, आणि ती व्हायला हवी होती.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कंपन्यांना न्यायालयात खेचलं. १९८८ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीत होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस यांनी नव्या तीनचाकी विकणं थांबवलं. तोवर सुझुकीची चारचाकी क्वाडरनर १९८२ पासून बाजारात आलेली होती. चौथं चाक आल्यावरच पुढचा ब्रेक भरवशाने मोठा करता आला. १९८६च्या होंडा टीआरएक्स २५०आर या शर्यतीच्या गाडीला पुढे दोन आणि मागे एक अशा तीन डिस्क होत्या. मागच्या एक्सलवर मधोमध एकच डिस्क, ही मांडणी मागे सलग एक्सल असलेल्या शर्यतीच्या क्वाडमध्ये (चारचाकी एटीव्हीत) आजही दिसते. आणखी एक गोष्ट टिकली : बऱ्याच गाड्यांत उजव्या हाताचा लीव्हर पुढच्या चाकांना, तर डावा लीव्हर आणि उजव्या पायाचं पेडल मागच्यांना. पोलारिसने मात्र एकाच लीव्हरने सगळी चाकं धरण्याची पद्धत रूढ केली. नवख्या चालकासाठी ती सोपी आहे. अनुभवी चालकाला पुढचं-मागचं प्रमाण आपल्या हाताने ठरवायला आवडतं.

शेतीकामाच्या एटीव्हींची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे शत्रू चिखल. ड्रममध्ये पाणी शिरलं की लायनर भिजून पकड जाते, आणि आत गेलेली माती तिथेच राहून लायनर खाते. डिस्क उघडी असल्याने पाणी फेकून देते आणि लवकर कोरडी होते, पण वाळूचे कण पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकून डिस्कवर चरे पाडतात. होंडाने कामाच्या गाड्यांत पाणी आत येऊ न देणाऱ्या सीलबंद ड्रमचा आग्रह बरीच वर्षं धरला. कावासाकीने ब्रूट फोर्ससारख्या मॉडेलांत वेगळा मार्ग काढला : मागचा ब्रेक बंद आवरणात, तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा. चिखलाचा त्याला स्पर्शच होत नाही, उष्णता तेल वाहून नेतं, झीज अगदी सावकाश होते. चिखलात राबणाऱ्या गाडीसाठी मला हा सगळ्यांत समंजस उपाय वाटतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर भाड्याने फिरणाऱ्या एटीव्हींना मात्र बहुधा उघड्या डिस्क असतात. खाऱ्या पाण्याने कॅलिपरच्या पिना गंजतात, मग पॅड एकाच बाजूने घासत राहतो. अशी गाडी हाती आली तर निघण्याआधी दोन्ही लीव्हर दाबून, गाडी ढकलून पाहावी.

घाटात गाडी चालवणाऱ्याला जुना नियम ठाऊक असतो : ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरतं; ब्रेक तापवायचा नाही. गिअरच्या एटीव्हीत हे जमायचं. पोलारिसने १९८५ मध्ये ट्रेल बॉसला स्नोमोबाइलचं बेल्टवर चालणारं स्वयंचलित ट्रान्समिशन दिलं आणि गिअर बदलण्याची कटकट संपली, पण इंजिनाचा हा आधारही गेला. ॲक्सिलरेटर सोडला की पुली बेल्टला सोडते, इंजिन आणि चाकांचा संबंध तुटतो आणि गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडल्यासारखी सुटते. सगळा भार पॅडवर. पॅड तापले की ब्रेक ऑइल तापतं. हे तेल हवेतली ओल शोषतं आणि ओल शोषलेलं तेल लवकर उकळतं : नव्या डॉट ४ तेलाचा (ही ब्रेक ऑइलची एक प्रमाणित प्रत) उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावर किमान १५५. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि लीव्हर हँडलपर्यंत येऊनही चाक थांबत नाही.

यावर उपाय शोधण्यात बरीच वर्षं गेली. यामाहाने १९९८च्या ग्रिझली ६०० मध्ये बेल्टचा ताण कायम ठेवणारी रचना आणि एकेरी फिरणारा स्प्रॅग क्लच वापरून इंजिनाचा रोध चाकांपर्यंत परत पोचवला. पोलारिसने पुढे ॲक्टिव्ह डिसेंट कंट्रोल आणलं. त्यांच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकं एरवी मोकळी फिरू शकतात, त्यामुळे इंजिनाचा रोध फक्त मागे मिळायचा, म्हणजे उतारावर हलक्या झालेल्या चाकांनाच. या यंत्रणेमुळे तो चारही चाकांना मिळू लागला.

कायदा या सगळ्याच्या मागून आला. पायाचा-हाताचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक यांच्या अटी घालणारं उद्योगाचं मानक अमेरिकेत १९९० पासून होतं, पण ऐच्छिक. २००८च्या कायद्याने ते सक्तीचं केलं आणि २००९ पासून ते लागू झालं.

महाराष्ट्रात एटीव्हीच्या ब्रेकशी सर्वांत जवळचा परिचय आहे तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या बाजा या विद्यार्थ्यांच्या गाडीबांधणी स्पर्धेची भारतीय आवृत्ती २००७ पासून होते, इंदूरजवळ पीथमपूरची गाड्यांच्या चाचणीची धावपट्टी तिच्यामुळे इथल्या कॉलेजांत ओळखीची झाली. विद्यार्थी एका आसनाची बग्गी स्वतः बांधतात, तिलाही ते एटीव्हीच म्हणतात. ब्रेक हायड्रॉलिक हवा आणि त्याची दोन स्वतंत्र सर्किट हवीत, म्हणजे एक पाइप फुटला तरी दुसरं काम करतं. मुख्य शर्यतीआधी ब्रेक टेस्ट असते : गाडी वेगात आणायची, पेडल दाबायचं आणि चारही चाकं जागीच अडली पाहिजेत. पुण्या-मुंबईच्या वर्कशॉपांत पेडलचा दाब तेलात उतरवणाऱ्या मास्टर सिलिंडरचा व्यास, पेडलची लांबी आणि पुढे सरकणाऱ्या वजनाचं गणित महिनोन्‌महिने चालतं ते यासाठी. ही टेस्ट पास झाल्याशिवाय गाडीला शर्यतीत उतरू देत नाहीत.