तड्यात निव्वळ सिमेंट भरलं की भिंत पक्की होते?

गिलाव्याला तडा गेला की घमेल्यात निव्वळ सिमेंट कालवायचं आणि बोटानं चोपून भरायचं. परभणी-हिंगोलीकडं हे घरोघरी चालतं. ‘सिमेंट जास्त, तितकी मजबुती जास्त’ हा समज त्यामागं आहे आणि तो चुकीचा आहे.

सिमेंट वाळताना आकसतं. वाळू त्याला आवर घालते. वाळूच नसेल तर भरल्या जागी केसासारख्या भेगा पडतात आणि पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं. बाहेरच्या गिलाव्याला एक घमेलं सिमेंट, चार घमेली वाळू, आतल्याला सहा. शिवाय किमान ७ दिवस पाणी मारायचं. टँकरच्या दिवसांत नेमकं हेच राहून जातं, म्हणून हे काम मेमध्ये काढू नका. काढलंच तर ओलं गोणपाट लावून ठेवा.

पण आधी पाहायचं ते वेगळंच: तडा हलतोय का? आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की घरही तिच्याबरोबर हलतं. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून शेजारी तारीख लिहा. आमच्या खिडकीच्या कोपऱ्यातल्या तड्यात मे महिन्यात रुपयाचं नाणं सरळ आत जायचं, ऑगस्टात पोस्टकार्डही शिरेना. अशा तड्यात सिमेंट टिकतच नाही. तिथं लवचीक क्रॅक फिलर भरा आणि छताचं, मोरीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका. तडा तिरका असून वाढतच असेल, तर मात्र थापी बाजूला ठेवून इंजिनिअरला बोलवा.